लांब पडलेले टाके

रविवार हा आमच्या घरात गोळीचा वार आहे. कॅलेंडरवरच्या प्रत्येक रविवारभोवती लाल पेनाने गोल केलेला असतो आणि रात्री जेवण झाल्यावर त्या इवल्या पिवळ्या गोळ्या घेतल्या, की त्या गोलात एक फुली पडते. नवा पाहुणा आला की हटकून विचारतो, "दूधवाल्याचे खाडे का हो हे?" मी हो म्हणते. दर पाहुण्याला आपल्या दुखण्याची कथा सांगायची, तर चहा निवून जातो.

आज मात्र सांगणार आहे, कारण विषय नुसत्या दुखण्याचा नाही, गोधडीचाही आहे. माझ्या बाबतीत हे दोन्ही एकमेकांत असे शिवले गेले आहेत, की एकाचा दोरा ओढला तर दुसरे चुरगळते.

मी पालमला शाळेत शिकवते. २००३ सालच्या डिसेंबरात एका सकाळी फळ्यावर तारीख लिहिताना हातातला खडू गळून पडला. उचलला, पुन्हा पडला. मुले हसली, मीही हसले. आमच्या परभणी जिल्ह्यात थंडी अशी पडते की कधीकधी पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा बोटे आखडली असतील असे वाटले. पण थंडी सरली, होळी झाली, ऊन तापले, तरी सकाळी उठल्यावर मुठी वळेनात. दोन्ही हातांची मधली पेरे आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजून गोल झाले होते. नऊ-साडेनऊपर्यंत हात म्हणजे सिमेंटात बुडवून वाळवल्यासारखे. दुपारी थोडे सैल पडत, म्हणून लोकांचा विश्वास बसत नसे. "सकाळी उठवत नाही आणि दुपारी बाजारात हिंडते", असे कुणी तरी म्हणालेच.

मराठवाड्यात बाईच्या हाताची परीक्षा भाकरीवर होते. शिकलेली असो, नोकरीवाली असो, ज्वारीची भाकरी परातीत गरगर फिरली पाहिजे. माझी फिरेना. तळव्याने दाब दिला की मनगटातून कळ खांद्यापर्यंत जाई. सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो) सत्तरीला टेकलेल्या. एके दिवशी काही न बोलता त्यांनी परात आपल्याकडे ओढली आणि पुढची कित्येक वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. त्या वेळी मला त्याचे फार वाईट वाटले होते. आज त्याचे मोल कळते.

नाव कळायला दोन वर्षे गेली. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक झाला, तेले झाली, कॅल्शियम झाले, 'वाताचे दुखणे' म्हणून वांगी-बटाटे बंद झाले. एका डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनने तर जादू केली. दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडले! पंधरा दिवसांत दुखणे दुपटीने परत. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा अंगण. ते स्टेरॉइड होते हे मला फार उशिरा कळले, कारण कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अखेर लोह्यावरून नांदेड गाठले. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, एकेक सांधा हळूच दाबून पाहिला, रक्त तपासायला लावले आणि सांगितले, "बाई, हा आमवात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हाडांची झीज नव्हे. शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती आहे, तीच चुकून तुमच्या सांध्यांच्या अस्तरावर चालून आली आहे."

कुंपणच शेत खाते म्हणतात, ते असे.

हे नाव आपल्याकडे जुने आहे. चरक-सुश्रुतांनी आमवाताचे वेगळे प्रकरण केलेले नाही. ते प्रथम केले 'माधवनिदान' या ग्रंथाने, बाराएकशे वर्षांपूर्वी. आज डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड म्हणतात, त्याच्याशी त्यातले वर्णन पुष्कळ जुळते म्हणून मराठीत तोच शब्द रूढ झाला. आणि हा रोग शहरी नाही बरे का! पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली. शंभरातल्या अठरा जणांना सांध्या-स्नायूंचे काही ना काही दुखणे निघाले आणि खरा आमवात साधारण दोनशेत एकाला. आपल्या गावाची वस्ती मनात धरून हिशेब करून पाहा. त्यात पुरुषांपेक्षा बायका दुपटी-तिपटीने जास्त. त्यातल्या किती जणी 'वात आहे' म्हणून शेक घेत बसल्या असतील?

आता गोधडीकडे वळते.

आई २००२ मध्ये गेली. तिची चार सुती लुगडी माझ्याकडे आली. वापरून मऊ झालेली, एकीचा काठ विटलेला. वडिलांची गिरणीची धोतरेही होती. आत्याबाई म्हणाल्या, "पेटीत ठिवून कसर खाईल. गोधडी कर. मायचं लुगडं अंगावर येतं." गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारे आमच्या गल्लीत कुणी नव्हते. त्यांनीच मला बसवले. आधी जमिनीवर एक सबंध लुगडे ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, हाताला येईल ते जड ठेवायचे. त्यावर धोतरांचे, फाटक्या सदऱ्यांचे थर, सुरकुती न ठेवता. वर पुन्हा लुगडे, आणि जिथे ते विरले असेल तिथे ठिगळ. ठिगळाचा रंग कुठला घ्यायचा यावर आत्याबाई माझ्याशी अर्धा-अर्धा तास भांडत. मग मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकमेकांना बांधायचे आणि एका कडेपासून धावदोरा घालत निघायचे. कडेकडेने चारी बाजू फिरून यायचे, बोटभर आत सरकायचे, पुन्हा फेरी. असे फिरत फिरत मधोमध पोचायचे. नायलॉनच्या साड्या यात चालत नाहीत. त्या एकमेकींवरून घसरतात, घाम शोषत नाहीत. हल्ली सुती लुगडे मिळणे हीच अडचण आहे, ते असो.

पहिल्या सहा-सात फेऱ्या मी २००३ च्या उन्हाळ्यात घातल्या. टाके ज्वारीच्या दाण्याएवढे. आत्याबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि मान हलवली. त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी होती. पुढे खडू पडला. गोधडी गुंडाळून कोठीत गेली.

ती बाहेर काढली तेव्हा माझ्या दुखण्याचे नाव ठरले होते, औषध नुकतेच सुरू झाले होते आणि त्याचा गुण यायला अजून दीड-दोन महिने होते. शिवायला का घेतली, याचे शहाणे उत्तर माझ्याजवळ नाही. शाळेतून रजा होती. भाकरी सुटली होती, धुणे सुटले होते, लेकीची वेणी घालणे सुटले होते. जे जे माझ्या हाताचे म्हणून ओळखले जात होते, ते दुसऱ्यांच्या हातांत गेले होते. एवढी एक गोष्ट अशी होती की ती दुसऱ्या कुणी केली तर ती माझी राहणार नव्हती.

यावरून बोलणी खाल्ली. शेजारच्या एक बाई दारातून डोकावल्या. "भाकर थापायला हात उचलत न्हाई आन् गोधडीला बरा उचलतो!" मी काही बोलले नाही, कारण मलाही आतून तेच वाटत होते. घरातली कामे टाकून आपण खेळ तर मांडला नाही ना? आत्याबाई परातीवरून मान वर न करता म्हणाल्या, "भाकर खाऊन सरते. गोधडी राहाते." शेजारीण गेली. त्यावर आमच्यात पुन्हा बोलणे झाले नाही.

आमवाताच्या हाताला सर्वांत अवघड कोणती गोष्ट असेल तर ती चिमूट. सुईचे सगळे काम चिमटीचे. अंगठा आणि तर्जनी यांत सुई धरून ती सात थरांतून ओढायची, म्हणजे दुखऱ्या सांध्याला नेमका तिथेच पीळ. मी दाभणाएवढी जाड सुई घेतली, पण थर फाटू लागले. मग लेकाच्या सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा कापला. सुईचे टोक वर आले की ते रबराने धरून ओढायचे. सुई निसटत नाही आणि बोटांवर जोर येत नाही. कात्रीच्या मुठीला गादीचा फोम गुंडाळला. मांडी घालून जमिनीवर बसणे गुडघ्यांना सोसेना, तेव्हा बाजेवर उशी ठेवून तीवर गोधडी घेतली. दोरा ओवणे मुळीच जमत नव्हते. ते काम लेकीने घेतले. रात्री झोपण्यापूर्वी ती दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवी. सकाळचे हात कामाचे नाहीत हे मान्य करून टाकले आणि दुपारचे दोन ते चार एवढेच आपले म्हटले. त्यातही वीस मिनिटे शिवायचे, मग कोमट पाण्यात हात. सूज चढलेल्या दिवशी सुईला हात लावायचा नाही. हे शेवटचे पाळणे सर्वांत कठीण होते आणि ते मी नेहमी पाळले असे खोटे सांगणार नाही.

डॉक्टरांना भीत भीत विचारले. वाटले, रागावतील. ते म्हणाले, "शिवा की! बसून राहिलात तर बोटे आणखी आखडतील. फक्त दुखणे वाढले की थांबा." पुढे इंग्लंडमधली एक मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आमवाताच्या रुग्णांना औषधांच्या जोडीने हातांचे ठरवून दिलेले व्यायाम करायला लावले होते, आणि त्यांचे हात इतरांपेक्षा चांगले चालू लागल्याचे दिसले. गोधडी म्हणजे व्यायाम नव्हे, हे खरे. पण 'हात अगदी हलवू नको' हा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांची त्या वेळी आठवण झाली.

याच सुमारास एका दिवाळी अंकात फ्रेंच चित्रकार रन्वारवरचा लेख वाचला आणि नंतर मिळेल ते वाचत गेले. त्याला हा रोग पन्नाशीच्या आसपास, १८९२ च्या सुमारास जडला. त्या वेळी औषध म्हणावे असे काही नव्हते. ऊब हवी म्हणून तो दक्षिणेला कान्य या गावी ऑलिव्हच्या बागेत जाऊन राहिला. सत्तरीत तो चाकाच्या खुर्चीला खिळला. बोटे तळव्यात अशी वळली की नखांनी कातडी फाटू नये म्हणून हाताला कापडाच्या पट्ट्या गुंडाळाव्या लागत. त्याच्या हाताला कुंचला बांधत असत, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. ती तेवढीशी खरी नाही. पट्ट्या कातडीसाठी होत्या. कुंचला घरचे कुणी तरी त्याच्या बोटांत अडकवून देई, आणि तो मग घट्ट धरी. मोठ्या चित्रासाठी त्याने कापड रुळांवर गुंडाळून घेतले होते. हात पोचत नाही तर चित्रच हातापाशी सरकवायचे! १९१९ च्या डिसेंबरात तो गेला तोपर्यंत त्याने आजारपणातच शेकड्यांनी चित्रे काढली. त्या वेळचा एक मूकपट आहे, १९१५ चा. त्यात हा हडकलेला म्हातारा भराभर रंग लावताना दिसतो आणि शेजारी त्याचा धाकटा मुलगा कुंचला देतो. माझ्या डोळ्यांपुढे सुया ओवणारी लेक आली.

रन्वारची उतारवयातली चित्रे रोगामुळे ढोबळ झाली, असे काही समीक्षक म्हणतात. काहींना तीच अधिक मोकळी वाटतात. मला त्यात पडायचा अधिकार नाही. पण टाका लांब पडला म्हणजे तो वाईटच, असे मला पूर्वी वाटे, तेवढे आता वाटत नाही.

राउल द्यूफी हा दुसरा. त्याचे मला जास्त कुतूहल, कारण त्याची गाठ माझ्या त्या जादूच्या इंजेक्शनाच्या घराण्याशी पडली. अमेरिकेत डॉ. हेंच यांनी १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये त्या शोधाला नोबेल मिळाले. त्याच वर्षी द्यूफी फ्रान्सहून बोस्टनला जाऊन हे नवे उपचार घेऊन आला. रंगाची नळी स्वतः पिळता येऊ लागली म्हणून त्याला कोण आनंद! फुलांच्या एका चित्राला त्याने नावच दिले 'कॉर्टिसोन'. तीन वर्षांनी, १९५३ मध्ये तो वारला. या औषधाच्या दुसऱ्या बाजूची जाणीव डॉक्टरांना तेव्हा नुकती कुठे होऊ लागली होती. स्टेरॉइड वाईट आहे असे मी म्हणत नाही. जाणत्या हाताने, थोडे, ठरावीक काळ दिले तर ते तारून नेते. न सांगता दिलेले, हे माझे दुखणे आहे.

आणि आता रविवारच्या गोळीची गोष्ट. ही मला सर्वांत आवडते, कारण तिचे एक टोक थेट मुंबईच्या गिरणगावात आहे.

ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ मध्ये मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होई आणि पुष्कळ जणी दगावत. का, ते शोधायचे होते. हाफकिन संस्थेत तिने काम केले, बायकांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली, उंदीर-माकडांवर प्रयोग केले. शेवटी सापडले ते यीस्टच्या अर्कात, बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या मार्माइटमध्ये. ते खाल्ले की रक्त भरून येई. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्यात नेमके काय आहे हे ठाऊक नव्हते म्हणून लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे तेच फॉलिक ॲसिड ठरले. आज प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर मिळते, ते हेच.

पुढचा धागा आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांचा. अमेरिकेत एका औषध कंपनीच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख होते. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले आणि मग त्याचे तोतये बनवले. दिसायला अगदी फॉलिक ॲसिडसारखे, पण पेशीत शिरून तिचे वाढणे रोखणारे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते प्रथम वापरले गेले. त्यांतलेच एक मेथोट्रेक्सेट. अगदी थोड्या मात्रेत ते आमवातावर चालते हे हळूहळू कळत गेले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली. सुब्बाराव १९४८ मध्येच, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गेले होते.

म्हणजे रविवारी मी तोतया घेते आणि मधल्या वारी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, अस्सल घेते, पोट आणि तोंड सांभाळायला. माझ्या गोधडीच्या पोटात वडिलांची गिरणीची धोतरे आहेत. ती विणणाऱ्या हातांशेजारी कुणी अशी पांडुरलेली बाई उभी होती की काय, कोण जाणे!

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतल्याची उदाहरणे आहेत, म्हणून तर ते लाल गोल. मधून मधून रक्त आणि यकृत तपासून घ्यावे लागते, आणि मूल हवे असलेल्या मुलीने ही गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नयेत. डॉक्टरांना आधी सांगून ती बंद करावी लागते. माझी दुसरी गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळची मलेरियाची. २०२० च्या करोनात सगळे जग तिच्यामागे लागले आणि आमच्यासारख्यांना ती औषधाच्या दुकानात मिळेना. करोनावर तिचा उपयोग नाही हे यथावकाश सिद्ध झाले. तोवर माझी मनगटे पुन्हा सुजली होती. एवढ्याशा गोळीवर आपण किती टेकलो आहोत, हे त्या दोन महिन्यांत कळले.

रोग गेलेला नाही. तो जात नाही. दबून बसतो आणि थकवा, जागरण, गोळ्यांची टंगळमंगळ यांची वाट पाहतो. एकदा, २००९ मध्ये, आता बरे वाटते म्हणून मी आपल्या मनाने गोळ्या सोडल्या होत्या. उजव्या हाताची दोन बोटे करंगळीच्या बाजूला कलली ती तेव्हाच. ती काही परत सरळ झाली नाहीत.

आमच्या पालमहून गंगाखेड जवळ. ते जनाबाईंचे गाव. पंढरीचा देव जनीच्या घरी आला आणि घाईघाईत आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून गेला, ही कथा इकडच्या बायकांना पाठ असते. आत्याबाई ती सांगताना नेहमी एका जागी थांबत. "फाटकी असंल, पण टाके बारीक असतील तिचे," म्हणत. देवाने काय पाहिले असेल याविषयी त्यांना जराही शंका नव्हती.

आत्याबाई आता नाहीत. गोधडी पुरी झालेली त्यांनी पाहिली. २००७ च्या संक्रांतीला शेवटचा टाका घातला तेव्हा त्यांनी ती अंगणात बाजेवर पसरली आणि कडेपासून बोट फिरवत आत आत गेल्या. कडेच्या फेऱ्या बारीक, ज्वारीच्या दाण्याच्या. मग एकदम टाके लांब, वेडेवाकडे, कुठे दोरा सुटलेला, कुठे रक्ताचा ठिपका धुऊनही राहिलेला. हाताच्या रुंदीएवढा हा पट्टा चारी बाजूंनी फिरतो. आणि मध्याकडे जाताना टाके पुन्हा हळूहळू आखूड होत गेलेले. अगदी पहिल्यासारखे नाहीत. मी म्हटले, "मधले उसवून पुन्हा घालू का? आता जमतील." त्या म्हणाल्या, "कामून? तेच तर घट हायेत." ते काही खरे नव्हते. लांब टाका घट्ट नसतो, हे त्यांनीच मला शिकवले होते. पण मी उसवले नाही.

त्यानंतर अकरा गोधड्या झाल्या, लेकीच्या बाळंतपणातली दुपटी वेगळी. विकायची नाही असे ठरवले आहे. विकायला काढली की तारीख येते आणि तारीख आली की सूज चढलेल्या दिवशीही शिवणे आले. आता सुया नातू ओवतो. मोबदला म्हणून दहा सुयांना एक गोष्ट असा करार आहे.

गेल्या पंधरवड्यात गल्लीतली एक तरुण सून आली. लग्नाला वर्ष झालेले. "मावशी, मला गोधडी शिकवा," म्हणाली. मी म्हटले, बस, आणि सवयीने तिचे हात हातात घेतले. दोन्ही हातांची मधली पेरे सुजलेली, गरम. सकाळी मूठ वळते का, विचारले. ती गप्प झाली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणीच आले. घरात कुणाला सांगितले नव्हते. भाकरीवरून बोलणी चालूच होती. त्याच संध्याकाळी मी तिच्या सासूकडे जाऊन बसले आणि माझे हात पुढे करून दाखवले. कललेली बोटे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आली.

ती मंगळवारी नांदेडला जाणार आहे, सासू बरोबर जाते म्हणाली. मी चार सुती साड्या आणि सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे.